पायरी क्रमांक २३१८

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दोनशे शहात्तर संपली, आणि सांगलीतल्या मगदूमांच्या घरात पंधरा माणसांचा चहा टाकायची वेळ सारंग मगदूमवर आली.

फोन हेमांगीचा होता, मिरज रस्त्यावरच्या गणन केंद्रातून. बायकोचा आवाज इतका शांत होता की सारंगला आधी वाटलं, यंत्र बंद पडलं. "सारंग, उतरली," ती म्हणाली. "एकशे बेचाळीस, चौऱ्याहत्तर, चाळीस, पन्नास, त्रेचाळीस, एक. संपली." तो "अरे वा" म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण तेवढंच म्हणालो.

तासाभरात शेजारी आले, कॉलेजातले जुने सहकारी आले, हेमांगीही आली. शेजारच्या काकूंना त्यातलं काही कळत नव्हतं, तरी त्यांनी तिला मिठी मारली. भिंतीवरच्या चौकटीतलं जुनं भेटकार्ड बघून त्यांनी विचारलं, हा एवढा लांबलचक फोन नंबर कोणाचा? सगळे हसले. जो तो सारंगला विचारत होता, सर, तुम्हाला कसं वाटतंय? अभिमान वाटतो, असं तो प्रत्येकाला सांगत होता आणि दूध उतू गेलं का ते बघायला आत जात होता. खरं सांगायचं तर त्याच्या पोटात दुखत होतं. चोपन्न वर्षांचा, नीट शिकलेला, चारचौघांत शहाणा समजला जाणारा माणूस ओट्यापाशी उभा राहून बायकोवर जळत होता, आणि ते त्याचं त्याला कळतही होतं.

कारण दोनशे शहात्तर मुळात त्याची होती.

खेळ साधा आहे. कुठलीही संख्या घ्या. तिला ज्या ज्या लहान संख्यांनी निःशेष भाग जातो, त्यांची बेरीज करा. दहा घेतलेत तर एक, दोन आणि पाच, म्हणजे आठ. आठाचे एक, दोन, चार, म्हणजे सात. सातला फक्त एक. संपलं. पायऱ्यांच्या या साखळीत एकेक पायरी उतरत बहुतेक संख्या एकावर येऊन थांबतात. काही हट्टी असतात. सहाची बेरीज सहाच येते, ती जागची हलत नाही. दोनशे वीसवरून दोनशे चौऱ्याऐंशी येते आणि दोनशे चौऱ्याऐंशीवरून परत दोनशे वीस. त्या दोघी एकमेकींच्या घरी जात-येत राहतात. दोनशे शहात्तर मात्र निघते ती चढतच जाते. तीनशे शहाण्णव, सहाशे शहाण्णव, अकराशे चार... दीडशे वर्षं माणसं तिच्या मागे चालत होती. दोन हजारांहून जास्त पायऱ्या झाल्या, संख्या दोनशेहून जास्त आकडी झाली, आणि ती कधीतरी थांबेल की कायम चढत राहील हे कोणालाच सांगता येत नव्हतं. अडचण एवढीच की बेरीज करायला आधी त्या अवाढव्य संख्येचे अवयव पाडावे लागतात, आणि ते पाडताना भलेभले संगणक महिना महिना घाम गाळतात.

हे सगळं सारंगनं हेमांगीला पंचवीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, बारावीचे बोर्डाचे पेपर तपासायच्या कॅम्पमध्ये. दोघंही ज्युनियर कॉलेजात गणित शिकवायचे आणि दोघांची ओळखही नव्हती. जेवणाच्या सुट्टीत तो वडापावच्या कागदावर बेरजा करत बसला होता आणि ती शेजारी येऊन म्हणाली, तिसऱ्या ओळीत तुमचे चार विभाजक राहिलेत. ते राहिले होतेच. पुढच्या वर्षी लग्न झालं. लग्नानंतर दोघं आवटी सरांच्या साखळी मंडळात गेले. मंडळ म्हणजे निवृत्त शिक्षक, एक दंतवैद्य, दोन विमा एजंट आणि एक हार्मोनियम दुरुस्त करणारा. जगातल्या इतर हौशी लोकांनी मोठी यंत्रं येणार म्हणून दोनशे शहात्तर सोडून दिली, तेव्हा तिचा ताबा या मंडळानं घेतला.

मंडळाचे नियम आवटी सरांनी घातलेले होते. प्रत्येक पायरी एकाच्या नावावर. त्यानं ती सोडवेपर्यंत दुसऱ्यानं तिला हात लावायचा नाही. नवी संख्या आधी स्वतःच्या हातानं कागदावर उतरवायची, दहा-दहा आकड्यांचे गट पाडून, आणि मग त्या कागदावरून नोंदवहीत टाइप करायची. हातानं लिहिलेली संख्या ओळखीची होते, असं सरांचं म्हणणं. शेवटी नवाचा ताळा बघायचा: सगळ्या आकड्यांची बेरीज करून ती एका आकड्यावर आणायची आणि संगणकाच्या उत्तराशी जुळते का पाहायचं. आणि एक गोड रीत होती. सभासदाच्या वाढदिवसाला दुसरा कोणी स्वतः सोडवलेली पायरी त्याला भेट द्यायचा. मग पायरी त्याच्या नावावर लागायची आणि संख्याही तोच आपल्या हातानं नोंदवायचा.

हेमांगीच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला सारंगनं अशी एक पायरी दिली होती. पाच आठवडे घरचा संगणक अहोरात्र तापवून. नवी संख्या दोनशे चोवीस आकडी होती. ती त्यानं निळ्या शाईनं कार्डावर उतरवली आणि खाली लिहिलं, 'तुझी'. तेच कार्ड नऊ वर्षं भिंतीवर होतं.

नंतर मिरज रस्त्याला केंद्र उघडलं, तिथे क्वांटम संगणक आला आणि गणिताच्या एका जागेसाठी दोघांनी अर्ज केला. निवड हेमांगीची झाली. सारंगनं तिला तोंड भरून शुभेच्छा दिल्या आणि पुढचे पंधरा दिवस त्याचं डोकं दुखत होतं.

त्या यंत्राची करामत हेमांगी लोकांना पंधरावरून समजावून सांगायची. दोनाचा दुपटीचा पाढा घ्या, एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, आणि प्रत्येकाला पंधरानं भागून बाकी लिहा. एक, दोन, चार, आठ, पुन्हा एक, दोन, चार, आठ. दर चार घरांनी तेच आवर्तन. चाराचं निम्मं दोन. दोनाचा वर्ग चार. त्यातून एक वजा केला की तीन, एक मिळवला की पाच. झाले पंधराचे अवयव. संख्या मोठी असली की हे आवर्तन शोधायला साधा संगणक एकेक घर मोजत बसतो आणि त्यात जन्म जातो. क्वांटम यंत्रात सगळी घरं एकदम, लाटांसारखी उमटतात. चुकीच्या आवर्तनाच्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, बरोबरच्या एकमेकींवर चढून उंच होतात, आणि जी उंच दिसते ती वाचायची. महिन्याचं काम मिनिटावर आलं. केंद्रानं हेमांगीला नऊ दिवस यंत्र दिलं होतं. साखळी आठशे आकड्यांपर्यंत चढली आणि मग घसरली ती थेट एकावर. सहा हजार आठशे एकेचाळीस पायऱ्या झाल्या होत्या.

पाहुणे गेल्यावर ती सारंगला म्हणाली, "सोमवारी जाहीर करायचंय. यंत्रानं केलेल्या पायऱ्या यंत्रानंच दोनदा तपासल्यात. मंडळाच्या जुन्या पायऱ्यांवरून तू एकदा नजर टाकशील? दुसऱ्या कोणाला सांगायला मन धजत नाही."

तिनं विश्वासानं सांगितलं होतं. त्याला ऐकू आलं ते असं की कळस तिनं चढवला आणि पायाला पाणी मारायचं काम आपल्याला दिलं. तरी तो हो म्हणाला, आणि हो म्हणताना त्याच्या मनात काय होतं तेही सांगून टाकलेलं बरं. कुठेतरी तिची चूक सापडावी, असं त्याला वाटत होतं.

बुधवारी सकाळी ती केंद्रात गेल्यावर तो कामाला बसला. काम काही फार नव्हतं. अवयव नोंदवहीत होतेच. त्यांचा गुणाकार करून, विभाजकांची बेरीज काढून ती पुढच्या नोंदीशी जुळते का एवढंच संगणकानं बघायचं होतं. हिरव्या खुणा भराभर उमटत गेल्या आणि तेविसशे अठराव्या पायरीवर लाल खूण आली. एकशे एकतिसाव्या आणि एकशे बत्तिसाव्या जागी सात-चार असायला हवे होते. नोंदवहीत चार-सात होते.

दोन आकड्यांची अदलाबदल. आकड्यांची बेरीज तीच, त्यामुळे नवाचा ताळा जुळला होता. पडलेल्या फरकाला दोनानं आणि तिनानंही भाग जात होता, त्यामुळे संख्या वरून जशीच्या तशी सम आणि तिनाची दिसत होती. नऊ वर्षं कोणालाही शंका आली नव्हती. म्हणजे तिथून पुढच्या साडेचार हजार पायऱ्या दोनशे शहात्तरच्या नव्हत्याच, दुसऱ्याच कुठल्या तरी संख्येच्या होत्या. हेमांगीनं जी संपवली ती भलतीच साखळी होती, आणि दोनशे शहात्तर अजून तेविसशे अठराव्या पायरीवर उभी होती.

त्यानं नाव बघितलं. नोंद करणार: हेमांगी मगदूम.

सारंगला आनंद झाला. चांगला खणखणीत आनंद झाला. त्यानं उठून स्वतःसाठी शिरा केला आणि साजूक तूप जरा जास्तच घातलं.

संध्याकाळी हेमांगीनं विचारलं, झालं का रे? थोडं राहिलंय, असं तो म्हणाला.

गुरुवारी दुपारी आवटी सरांकडे मंडळाचं जेवण होतं. चौऱ्याऐंशी वर्षांचे सर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी हेमांगीच्या खांद्यावर शाल घातली. मग सारंगकडे वळून, त्यांच्या नेहमीच्या थट्टेनं, म्हणाले, "हे मगदूम सर म्हणजे आमची तीनशे सहा." मंडळात सगळ्यांना ते कळलं. तीनशे सहाच्या विभाजकांची बेरीजही तीनशे शहाण्णवच येते. म्हणजे तीनशे सहासुद्धा पहिल्याच पावलाला त्याच वाटेला लागते, पुढचा सगळा रस्ता दोघींचा एकच. पण साखळीला नाव लहान संख्येचं लागतं, म्हणून दोनशे शहात्तर जगभर गाजली आणि तीनशे सहाचं नाव कोणी घेत नाही. सगळे प्रेमानं हसले. सारंगही हसला आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

हेमांगी बोलायला उभी राहिली तेव्हा तिनं सांगितलं की ही संख्या मला सारंगनं दिली, वडापावच्या कागदावर. सारंग बासुंदीच्या वाटीत बघत होता. ही मला भीक घालतेय, असं त्याच्या मनात आलं. तो त्याच वेळी उठून सांगू शकला असता. शाल खांद्यावरून उतरायच्या आत सांगितलं असतं तरी निदान ते पंचवीसजणांत राहिलं असतं. पण त्याला सोमवार हवा होता, किंवा सोमवारच्या जरा अलीकडचं काहीतरी, जिथे तो एकटा बरोबर असेल.

शुक्रवारी सकाळी ती बाहेर पडल्यावर त्यानं केंद्राच्या संचालकांना, डॉ. घोरपडे मॅडमना, फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जाहीर व्हायच्या आधी कळलं हे नशीब, नाहीतर जगानं एका तासात चूक काढली असती आणि केंद्राची शोभा झाली असती. हेमांगीताईंना सांगितलंत का, असं त्यांनी विचारलं. अजून नाही, तो म्हणाला. मॅडमनी आवाज उतरवून सांगितलं की केंद्राचा एक नियम आहे: ज्याच्या नोंदीत चूक निघते त्याला त्या कामासाठी पुन्हा यंत्र देता येत नाही. काम अर्थात थांबणार नाही. "चूक तुम्ही काढलीत, साखळी तुम्हाला पाठ आहे. पुढची फेरी तुम्हीच घ्या, मगदूम सर. दुरुस्ती-पत्रक भरून पाठवा आणि मूळ कागदाचा पुरावा जोडा, म्हणजे चूक कोणाची याबद्दल वाद नको."

नऊ दिवस यंत्र. चौकटी आखलेलं पत्रक त्यानं छापून घेतलं, पेन काढलं, आणि मूळ कागद कुठे असेल याचा विचार करू लागला. तेविसशे अठरावी पायरी. हेमांगीचा वाढदिवस. तेव्हा कुठे त्याला आठवलं की ती पायरी भेटीची होती.

तो भिंतीपाशी गेला. रोज चहा पिताना ज्याच्याकडे पाठ करून बसायचा ते कार्ड त्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा वाचलं. दहा-दहाचे गट मोजत तो चौदाव्या गटाशी आला. निळ्या शाईत, त्याच्या स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: चार, सात.

तो खाली बसला.

हेमांगीनं त्यानं लिहिलं होतं ते बिनचूक टाइप केलं होतं, मंडळाच्या नियमाप्रमाणे. ज्या संगणकावर त्यानं मूळ उत्तर काढलं होतं तो कधीच भंगारात गेला होता. आता पुरावा म्हणजे हे कार्ड. काच पुसताना चौकट हातातून पडली, कार्डावर चहा सांडला, इतकं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. नोंद हेमांगीच्या नावावर होती आणि तिनं आयुष्यात कधी त्याच्या अक्षरावर शंका घेतली नव्हती. यंत्र त्याचं झालं असतं. दोनशे शहात्तर परत त्याची झाली असती.

त्यानं चौकट भिंतीवरून उतरवली, मागच्या पट्ट्या सोडवल्या आणि कार्ड बाहेर काढलं. पाठीमागे, चौकटीत घालण्याआधी, हेमांगीनं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती, ती त्याला माहीत नव्हती. 'ही पायरी कधीही सोडून द्यायची नाही.' ती त्यानं दोनदा वाचली. मग कार्ड टेबलावर ठेवून तो तिची वाट बघत बसला.

ती दीड वाजता जेवायला आली ती पेढ्यांचा पुडा घेऊन. भिंतीवरचा मोकळा चौकोन तिला आधी दिसला आणि मग टेबलावरचं कार्ड. काय झालं, असं तिनं विचारलं. सारंगनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि कार्ड पुढे सरकवलं. तिनं चष्मा लावला, पडद्यावरचे आकडे बघितले, कार्डावरचे बघितले, बोटानं गट मोजले. पुन्हा मोजले. समजायला तिला मिनिटसुद्धा लागलं नाही. ती त्याच्यापेक्षा नेहमीच जलद होती.

"माझ्या हातची चूक आहे," तो म्हणाला. "घाईत उतरवलं. वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता."

ती खुर्चीत बसली. पेढ्यांचा पुडा अजून तिच्या हातात होता. मग तिनं विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच, असं म्हणता आलं असतं. "बुधवारी," तो म्हणाला.

"आज शुक्रवार आहे."

"हो."

"काल सरांनी मला शाल घातली." तिचा आवाज मंगळवारच्या फोनइतकाच शांत होता. "दोन आकडे इकडचे तिकडे होतात, सारंग. माझ्याकडूनही झाले असते. पण काल तू माझ्या शेजारी बसून जेवत होतास."

"चूक तुझी आहे असं वाटत होतं मला," तो म्हणाला. "आणि मला आनंद झाला होता, हेमा. कार्ड आज सकाळी बघितलं. त्याच्या आधी मी घोरपडे मॅडमना फोनसुद्धा केला. पुढच्या फेरीला यंत्र मला देणार होत्या." हे बोलताना त्याला वाटलं होतं की मन हलकं होईल. ते झालं नाही.

हेमांगी उठली. तिनं पुडा फ्रिजमध्ये ठेवला, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि घोरपडे मॅडमना फोन लावून सोमवारचा कार्यक्रम रद्द करायला सांगितला. मंडळाच्या जुन्या नोंदीत चूक आहे, कागद संध्याकाळपर्यंत पाठवते, इतकंच ती म्हणाली. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही, स्वतःचंही घेतलं नाही. ते ऐकतानाही सारंगला तिच्या त्या मोठेपणाचा हेवा वाटला. जित्याजागत्या माणसाचा स्वभाव काही दुपारभरात बदलत नाही.

मग त्यानं पत्रक पुढे ओढलं. पायरी क्रमांक: २३१८. चूक कोणाची, या चौकटीत त्यानं स्वतःचं नाव लिहिलं. दुरुस्ती कोणी केली, तिथेही स्वतःचंच. पुरावा: सोबत जोडलेलं भेटकार्ड. चूक कळवल्याची तारीख: ९ फेब्रुवारी. एक चौकट मधे मोकळी राहिली होती. चूक आढळल्याची तारीख.

हेमांगी मागे येऊन उभी राहिली होती. तिथे नऊ लिहिलं असतं तर जगात दोघांशिवाय कोणालाही कळलं नसतं, आणि ती कोणाला सांगणारी नव्हती. या पत्रकाची प्रत मंडळाच्या नोंदवहीला कायमची जोडली जाणार होती. पुढे पन्नास वर्षांनी किंवा दोनशे वर्षांनी जो कोणी दोनशे शहात्तरच्या मागे चालेल, तो तेविसशे अठराव्या पायरीवर थांबून हे वाचणार होता आणि दोन तारखांमधलं अंतर बघणार होता. आवटी सर तर संध्याकाळीच बघणार होते. त्यांना गुरुवार मोजता येत होता.

सारंगनं लिहिलं, ७ फेब्रुवारी.

दोनशे शहात्तरच्या साखळीत सारंग मगदूमचं नाव लागलं ते असं.

हेमांगीनं पत्रक उचलून वाचलं आणि खाली ठेवलं. मग खुर्ची ओढून ती संगणकासमोर बसली आणि तिनं तेविसशे अठराव्या पायरीची नवी, कोरी नोंद उघडली. बरोबर संख्या पडद्यावर होतीच, एक कळ दाबून उचलून ठेवता आली असती. पण मंडळाचा नियम हातानं लिहायचा होता. तिनं एक कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं गट पाडत, सावकाश, दोनशे चोवीस आकडे उतरवले. त्यात अर्धा तास गेला आणि तो अर्धा तास ती तिथेच बसून राहिली.

"आता वाच," ती म्हणाली. "मी टाइप करते."

तो वाचू लागला. चौदावा गट आला. "सात, चार," तो म्हणाला.

कळांवरची तिची बोटं थांबली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचलं.